भाजी निवडायला आलेली माणसं

गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या त्या ग्रुपमध्ये मी गेले ती कढीपत्त्यामुळे. कुंडीतला कढीपत्ता पिवळा पडत चालला होता आणि आमच्या विश्रांतवाडीतल्या नर्सरीवाल्याकडे "पाणी कमी घाला" यापलीकडे सल्ला नव्हता. वारज्याच्या एका बाईंनी मला मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये घेतलं आणि आंबट ताक घालायला सांगितलं. घातलं. कढीपत्ता सुधारला आणि मी अडकले.

माणसं तशी बरी होती. एकमेकांना कधी भेटलेली नव्हती, पण एकमेकांचे टोमॅटो ओळखत होती. कुणाच्या गच्चीवर दुपारनंतर ऊन येत नाही, कुणाच्या सोसायटीचा चेअरमन गळतीवरून भांडतो, सगळं सगळ्यांना ठाऊक. माझा मुलगा फौजेत आहे हे मात्र मी सांगितलेलं नव्हतं. लपवण्यासारखं काही नव्हतं, पण कढीपत्त्याशी त्याचा काय संबंध? एकदा सुट्टीवर आलेला असताना त्यानं मातीचे ड्रम गच्चीवर चढवून दिले. त्याचा फोटो मी टाकला आणि कुणीतरी केसांवरून ओळखलं. त्या दिवसापासून मी 'फौजीची आई' झाले. माझ्या झाडांबद्दल पुढे कुणी फारसं विचारलं नाही.

ग्रुपमध्ये सगळ्यांत मोठा आवाज मार्केट यार्डातल्या एका कांदा-बटाट्याच्या व्यापाऱ्याचा. त्याच्या गच्चीवर ड्रॅगनफ्रूट, पण फोटो मात्र सैनिकांचे. बर्फात उभा असलेला जवान, मागे तिरंगा, खाली मोठ्या अक्षरांत 'ते जागतात म्हणून आपण झोपतो'. हे पाठवणारा माणूस पहाटेपासून यार्डात लिलावाला उभा असायचा. म्हणजे झोपत तोही नव्हता, पण ते जाऊ द्या.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात सीमेवरचं वातावरण तापलं. मुलगा तेव्हा वर उत्तरेला होता. कुठे ते आम्हाला माहीत नव्हतं आणि आम्ही विचारतही नाही. फोन बंद झाला. टीव्हीवर जे चाललं होतं ते नवऱ्यानं दुसऱ्याच दिवशी बंद केलं. नवरा स्वतः फौजेतून निवृत्त झालेला, गाड्यांचा मेकॅनिक. त्याची आयुष्यभराची समजूत अशी की बातमी नाही म्हणजे बातमी चांगली आहे. पाहिजे तर हे वाक्य मी त्याच्या तोंडावर फेकून मारू शकले असते, इतका त्या दिवसांत मला त्याचा कंटाळा आला होता.

आमच्या गल्लीत निम्मी घरं फौजवाल्यांची. कुणी नोकरीत, कुणी निवृत्त. तिथे एक रीत आहे. कुणी घालून दिली माहीत नाही, मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे. ज्या घरी फोन यायचा थांबलेला असतो त्या घरी कुणीही "फोन आला का?" असं विचारत नाही. तिथे जाऊन भाजी निवडायची. आपलीच जुडी घेऊन जायची, तिच्या घरात वर्तमानपत्र पसरायचं आणि बसायचं. महागाईवर बोलायचं, नळाला पाणी किती वेळ आलं त्यावर बोलायचं, त्या एका गोष्टीवर सोडून कशावरही बोलायचं. फोन आला की उठायचं, उरलेली भाजी गोळा करायची आणि निघून जायचं. काय म्हणाला, कसा आहे, हे ऐकायला थांबायचं नाही. ते त्या घराचं.

तर त्या आठवड्यात समोरच्या मावशी रोज माझ्याकडे मेथी घेऊन यायच्या. मावशींचा नवरा आणि मुलगा दोघेही फौजेत होते, त्यांनी आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांत मेथी निवडलेली आहे. मी आणि त्या काड्या मोडत बसायचो. मोबाईल वर्तमानपत्राच्या कडेला ठेवलेला. तो सारखा वाजायचा आणि प्रत्येक वेळी तो बागवाल्यांचा ग्रुप असायचा. घुसा, ठोका, सोडू नका. ज्यांनी मला पानांवरचा मावा मारायला कडुनिंबाचं तेल सुचवलं होतं, ती हीच माणसं. मला राग यायचा, मग रागाचाही कंटाळा यायचा.

अशातच त्या व्यापाऱ्यानं एक संदेश टाकला. वर माझा फोटो, कुठल्या तरी जुन्या पोस्टमधून उचललेला, भोवती फुलांची चौकट, आणि खाली 'आपल्या ग्रुपच्या वीरमातेला मानाचा मुजरा'.

ज्याच्या घरातलं कुणी फौजेत नाही त्याच्याच हातून ही चूक होते. आमच्याकडे ज्या बाईला वीरमाता म्हणतात तिचा मुलगा परत आलेला नसतो. बघता बघता खाली हात जोडलेल्यांची रांग लागली, मेणबत्त्या लागल्या. मी तो संदेश पाहिलाही नव्हता, तेवढ्यात वारज्याच्या बाईंचा फोन आला. त्यांना बोलता येत नव्हतं, नुसत्या रडत होत्या. क्षणभर मला वाटलं की हिला काहीतरी कळलं आहे, जे आम्हाला अजून कळवलेलं नाही. माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. मावशींनी माझ्या हातून फोन काढून घेतला आणि माझ्या नवऱ्याला हाक मारली.

नवऱ्यानं नंबर शोधून त्या व्यापाऱ्याला फोन केला आणि त्याच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे गाडीत काय बिघाड आहे हे सांगावं तशा आवाजात, सांगितलं की मुलगा जिवंत आहे, कृपया हार काढा. त्या माणसानं संदेश काढला. मग मला वेगळा संदेश पाठवून माफी मागितली. मान द्यायला गेलो होतो, ताई, असं लिहिलं होतं. मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मुलाचा फोन आला. मावशी उठल्या, मेथी पदरात घेतली आणि गेल्या.

पावसाळा संपता संपता एक दिवस त्याच व्यापाऱ्याचा फोन आला. मला वाटलं दिवाळीला जवानांना फराळ पाठवायचा असेल, दरवर्षी कुणाला तरी सुचतं. पण आवाज वेगळा होता.

"ताई, एक काम होतं. पोरगं भरतीत लागलंय. मला न विचारता."

मुलगा विशीतला, एकुलता एक. सकाळी धावायला जायचा, तेव्हा बापाला वाटायचं व्यायामाचं खूळ आहे. शर्यत झाली, लेखी परीक्षा झाली, डॉक्टरांची तपासणी झाली आणि हजर व्हायचं पत्र आलं, तेव्हा घरात कळलं. गाळा कोण बघणार, चार वर्षांनी परत पाठवलं तर पुढे काय करणार, आईनं जेवण सोडलं आहे, असं बरंच काही तो बोलत होता. मला काय करायचं आहे ते शेवटी आलं. मी घरी यायचं आणि मुलाला चार गोष्टी सांगायच्या. फौजीच्या आईचं तो ऐकेल.

"नको जाऊ म्हणून सांगू?" मी विचारलं.

"तुम्हाला म्हाईत हाय ना सगळं. आमच्याकडं कुणी गेलं नाय, ताई. गरजच पडली नाय कधी."

तो हे वाईट हेतूनं बोलला नव्हता. गावाची जमीन शहरात आली, शेतावर इमारती झाल्या, यार्डात गाळा झाला, खरंच गरज पडली नसेल. पण मला ते लागलं. आम्ही बौद्ध. माझे सासरे फौजेत गेले तेव्हा गावात आमच्या माणसांना काही घरांवरून पायात वहाणा घालून जाता येत नव्हतं. सासरे पहिल्या सुट्टीला आले ते सरकारी बूट घालून, आणि ते बूट त्यांनी गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काढले नाहीत. आमच्या घरात फौज आली ती अशी. ती आमची गरज होती, आणि तिची मला कधी लाज वाटलेली नाही. पण हे सगळं मोबाईलवर त्या माणसाला कुठे सांगत बसू? मी बघते म्हणाले आणि फोन ठेवला.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जा. पोराशी बोल. बापाच्या वतीनं मात्र बोलू नकोस."

एका रविवारी गेले. विश्रांतवाडीहून मार्केट यार्ड म्हणजे अख्खं पुणं ओलांडायचं. रिक्षात बसल्या बसल्या मी बरीच टोचरी वाक्यं तयार केली. बर्फातल्या जवानाचा फोटो आज पाठवला नाहीत वाटतं, हे त्यातलं एक. चांगलं होतं.

यार्डाच्या मागच्या बाजूला त्यांचं तीन मजली घर. मुलगा मी आत आल्याबरोबर उठून उभा राहिला, आणि मी बसेपर्यंत उभाच होता. अजून कुणी शिकवलेलं नसताना. त्याच्या आईनं पोहे दिले आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मी बशी तशीच खाली ठेवली. बाप दाराशी खुर्ची घेऊन बसला. त्याला मी पहिल्यांदाच पाहत होते. त्याच्या संदेशांवरून मला मिशीवाला धिप्पाड माणूस वाटला होता. हा लहानखुरा, वाकलेला, बोटांना मातीचा रंग बसलेला.

मी मुलाला खरं तेवढं सांगितलं. पहिले काही महिने पाय सुजतात आणि रडू येतं, पण एकटं रडायला जागा नसते. रजा मंजूर होते, बॅग भरून होते आणि मग रजा रद्द होते, ती बॅग पुन्हा उघडावीशी वाटत नाही. बहिणीच्या लग्नाला माझा मुलगा नव्हता. आजोबा गेले ते त्याला कळलं तोवर इथे सगळं उरकलेलं होतं, तेच आजोबा, बूटवाले. तो घरी येतो तेव्हा पहिले दोन दिवस पाहुण्यासारखा वागतो, पाणी मागतानासुद्धा विचारून मागतो, आणि आपल्यातला होईपर्यंत जायची वेळ येते. आणि मी थकले आहे, असंही मी सांगितलं. हे सांगायचं ठरवलं नव्हतं, तोंडून निघालं. अभिमान वगैरे असतो, पण तो पाहुणे आल्यावर. एरवी नुसती वाट बघणं असतं आणि त्यानं माणूस आतून शिणतो.

मुलानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकू, मग तुम्ही त्याला थांबवलं का नाही?"

मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी खरं ते बोलले. आमच्या घरात ती नोकरी होती, बाळा. चांगली, मानाची नोकरी. आजोबांनी केली, वडिलांनी केली, त्यानं केली. थांबवायचं असतं हे मला सुचलंच नाही. पण तुझं तसं नाही. तुझ्याकडे गाळा आहे, घर आहे. तू कशाला जातोस?

गाळ्यावर बसायचं नाही, असं तो म्हणाला, आणि मग बापाकडे न बघता म्हणाला, "पप्पा रोज ते जवानांचे फोटो टाकतात ना. मला वाटलं, पप्पांना आनंद होईल."

बाहेर यार्डाकडे जाणारा टेम्पो अडकला होता, त्याचा हॉर्न चालू होता. बापानं मान खाली घातली. बसल्या जागी तो आणखी लहान झाला. माझी टोचरी वाक्यं माझ्यापाशीच राहिली. त्यातलं एकही बोलायची इच्छा उरली नव्हती. मला त्या माणसाची दया आली, आणि दया आली याचाही थोडा राग आला.

मुलगा गेला. दिवाळीनंतर, प्रशिक्षणाला.

स्टेशनवरून परतल्यावर बापाचा मला फोन. बायकोनं घर झाडलं, चालतं का? माणूस बाहेर पडल्यावर लगेच झाडायचं नसतं, एवढं त्यालाही ऐकून माहीत होतं. आम्ही असलं काही मानत नाही, तरी मुलगा गाडीत बसल्याचं कळवेपर्यंत माझ्याही हातात केरसुणी येत नाही. तो पोचल्यावर झाडा, मी म्हणाले. झाडून झालंय, तो म्हणाला. मग काही होत नाही, मी म्हणाले. याला काय अर्थ आहे, पण तेवढ्यानं त्याला बरं वाटलं.

मग त्याचे प्रश्न सुरू झाले. फोन का नाही आला? सुरुवातीला मोबाईल काढून घेतात. पाठवलेले लाडू देतात का? सगळ्यांना वाटून देतात. आवाज बसलेला वाटला. ओरडून ओरडून बसतो. मी कंटाळून उत्तरं द्यायचे, पण द्यायचे. ग्रुपमध्ये त्याचे फोटो यायचे थांबले. बर्फ नाही, तिरंगा नाही. कुणीतरी विचारलं, काय दादा, गप्प का? त्यानं ड्रॅगनफ्रूटच्या कळीचा फोटो टाकला. तोपर्यंत त्याच्या झाडाला कळ्या येतात हेच आम्हाला माहीत नव्हतं.

एकदा त्याच्या बायकोनं फोन केला. सहज केला म्हणाली, पण मुलाचा फोन आलेला नाही हे मला कळलं. मी दुसऱ्या दिवशी मेथीची जुडी घेऊन त्यांच्याकडे गेले. दार त्यानंच उघडलं.

"ताई, मार्केट यार्डात मेथी घिऊन आला?"

त्याला समजेना. बायकोला समजलं. तिनं काही न विचारता वर्तमानपत्र आणलं. आम्ही निवडत बसलो आणि तो आमच्याकडे बघत राहिला. निघताना मी त्याला आमच्या गल्लीची रीत सांगितली. विचारायचं नाही. बसायचं. फोन आला की उठायचं आणि थांबायचं नाही. त्यानं लहान मुलासारखी मान हलवली. व्यवहारी माणूस, याच्या डोक्यात हे किती राहील, असं मला वाटलं.

यंदाच्या हिवाळ्यात माझ्या मुलाचा फोन पुन्हा थांबला. या वेळी टीव्हीवरही काही नव्हतं. बर्फ फार पडलं होतं एवढंच. समोरच्या मावशी आता अंथरुणाला खिळल्या आहेत, त्यांच्याकडेच जाऊन बसावं लागतं. गल्लीतली जुनी घरं विकली गेली, नवीन बिऱ्हाडं संगणकवाल्यांची. ती चांगली आहेत, जाता-येता हसतात. माझ्याकडे भाजी घेऊन यायला कुणी उरलेलं नाही, हे मला त्या दिवसांत पहिल्यांदा जाणवलं. मी ग्रुपमध्येही काही लिहिलं नव्हतं. फक्त वारज्याच्या बाईंनी विचारलं तेव्हा, बाग बघायला मन लागत नाही, इतकंच म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात तो व्यापारी, वारज्याच्या बाईंकडून कळलं असावं. मागे जिन्यावर हमाल, आणि हमालाच्या पाठीवर मटारची गोणी.

अख्खी गोणी. नवऱ्यानं गोणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "पलटणीचा स्वयंपाक आहे का आज?"

तो हसला नाही. हमालाला पाठवून दिलं, चपला काढल्या, माझ्याकडे वर्तमानपत्र मागितलं आणि जमिनीवर मांडी घालून बसला. आम्ही तिघं सोलायला लागलो. आयुष्य यार्डात गेलेल्या त्या माणसाला मटार सोलता येत नव्हता. शेंग उलट्या बाजूनं फोडायचा. दाणे टुणकन उडून कपाटाखाली जात होते. मी दाखवलं, तेव्हा जमलं. त्यानं मुलाचं नाव काढलं नाही. आवक कशी आहे, गुजरातचा बटाटा कसा येतो, कुंडीतल्या मातीत रेती किती घालावी, असं बोलत राहिला. मीही बोलले. त्याचा मोबाईल त्यानं माझ्या मोबाईलशेजारी ठेवला होता. दोन्हींवर हिरवी सालं पडत होती. बऱ्याच दिवसांनी माझं मन जरा थाऱ्यावर आलं.

उन्हं कलली तेव्हा माझा मोबाईल वाजला. मुलगा होता. आवाज तुटत होता, पण होता. मी आतल्या खोलीत गेले. दोन मिनिटंच बोलणं झालं. आई, रस्ता बंद होता, ठीक आहे, बाबांना सांग. मी भिंतीला टेकून थोडा वेळ तशीच उभी राहिले.

बाहेर आले तेव्हा तो उठला होता. नवऱ्याला नमस्कार करून, मला काही न विचारता, दारातून बाहेर पडलाही होता. रीत त्यानं पक्की लक्षात ठेवली होती. गोणी मात्र तशीच होती, अर्धीसुद्धा झाली नव्हती. मी ती त्याला परत न्यायला सांगायला म्हणून जिन्याच्या तोंडाशी गेले. खालच्या वळणावर तो उभा होता आणि मोबाईलवर बायकोशी बोलत होता.

"नाय गं. हितं ताईंच्या पोराचा आला. आपला नाय अजून."

मग ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आठ-पंधरा दिस म्हंजे कायच नाय. तू जेवून घे."

त्याच्या मुलाची पहिली नेमणूकही वर उत्तरेलाच झाली होती. हे मला माहीत होतं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. इतका वेळ तो माझ्यासमोर बसून मटार फोडत होता आणि मला वाटत होतं की तो माझ्यासाठी आला आहे. यार्डात त्याच्या शेजारच्या गाळ्यांवर ही रीत कुणाला माहीत असणार?

"अहो," मी वरून हाक मारली. "मटार राहिलेत अजून. वर या."

त्यानं वर पाहिलं. मी बोलणं ऐकलं आहे हे त्याला समजलं असावं. तो एकेक पायरी चढून आला, चपला काढल्या आणि पुन्हा त्याच जागी बसला. मी माझा मोबाईल उचलून स्वयंपाकघरात ठेवून आले. नवऱ्यानं गोणीतून आणखी शेंगा ओतल्या. वर्तमानपत्राच्या कडेला आता त्याचा एकट्याचा मोबाईल होता. त्यावरची सालं मी बाजूला केली आणि त्याला विचारलं की मातीत रेती किती घालावी म्हणालात?